गर्भाशयमुखाचा कॅन्सर: मार्करचा रिपोर्ट वाचताना

मार्कर म्हणजे गाठीच्या तुकड्यात किंवा रक्तात तपासली जाणारी प्रथिनं. पी१६, पीडी-एल१, केआय-६७ ही त्यांची नावं रिपोर्टवर एकाखाली एक आली की सगळी सारख्याच वजनाची वाटतात. तशी ती नाहीत. काही मार्कर आजार पुढे कसा वागेल याचा अंदाज देतात, तर मोजक्यांवर औषध ठरतं. प्रत्येक ओळीला आधी हेच विचारा: ही नुसतं भाकीत करते, की उपचार बदलते?

त्याही आधी नमुना तपासा. गाठीचा काढलेला तुकडा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवणारं द्रावण) ६ ते ७२ तास होता ना? कमी वेळ ठेवला तर मधला भाग कच्चा राहतो आणि मार्कर दाखवणारा रंग कडेलाच चढतो. हाडातल्या गाठीचा तुकडा आम्लात मऊ केलेला असेल, तर निगेटिव्ह निकालावर भिस्त ठेवू नका. कापून बरेच महिने पडलेल्या स्लाइडवर पीडी-एल१ फिका पडतो. ब्लॉकमधून (मेणात जपलेल्या तुकड्यातून) ताजा छेद मागवा.

पी१६ म्हणजे एचपीव्हीची (ह्युमन पॅपिलोमा विषाणू, या कॅन्सरचं मुख्य कारण) सावली. विषाणूचं ई७ प्रथिन पेशीतल्या आरबी प्रथिनाला निकामी करतं आणि पी१६ साठत जातं. केंद्रक आणि पेशीद्रव दोन्हींत गडद, सलग रंग दिसला तरच पॉझिटिव्ह. ठिपक्याठिपक्यांचा रंग निगेटिव्हच धरायचा; 'थोडा तरी आहे' म्हणून पॉझिटिव्ह लिहिणं ही नेहमीची चूक. एचपीव्हीशी संबंध नसलेल्या गाठी, विशेषतः गॅस्ट्रिक प्रकारचा अॅडिनोकार्सिनोमा (ग्रंथीच्या पेशींचा कॅन्सर), केमो-रेडिएशनला कमी दाद देतात. तरीही निव्वळ पी१६ निगेटिव्ह आला म्हणून रेडिएशनबरोबरचं आठवड्याचं केमो औषध सिस्प्लॅटिन (शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागाला ४० मिग्रॅ) बदलत नाही.

पीडी-एल१ हे रोगप्रतिकारक पेशींना थोपवणारं प्रथिन. त्याचा आकडा सीपीएसमध्ये (कम्बाइन्ड पॉझिटिव्ह स्कोअर) येतो. रंगलेल्या गाठीच्या पेशी, लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज (या दोन रोगप्रतिकारक पेशी) यांची बेरीज करा, तिला गाठीच्या एकूण जिवंत पेशींनी भागा आणि १०० ने गुणा. २०० पेशींच्या गाठीत १४ पेशी रंगल्या आणि सोबत १० रोगप्रतिकारक पेशीही रंगल्या, तर सीपीएस १२. भाजकात रोगप्रतिकारक पेशी घातल्या की आकडा उगाच घसरतो. गाठीच्या पेशीत आवरणावरचाच रंग मोजायचा. प्लाझ्मा पेशी, न्यूट्रोफिल आणि मेलेला भाग सोडायचा. गाठीच्या किमान १०० जिवंत पेशी नसतील तर आकडा देऊच नये. परतलेल्या किंवा पसरलेल्या आजारात केमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅबसाठी (रोगप्रतिकारशक्ती मोकळी करणारं औषध) अमेरिकी औषध नियामक एफडीएची अट सीपीएस १ किंवा जास्त अशी आहे. स्टेज ३ ते ४ए मध्ये केमो-रेडिएशनसोबत ते देताना मात्र एफडीएने सीपीएसची अट घातलेली नाही.

पसरलेल्या आजारात हर२ (पेशीच्या आवरणावरचं, वाढीचा इशारा देणारं प्रथिन) आणि एमएमआरची (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी) चार प्रथिनंही करून घ्या. हर२ ३+ (सर्वांत गडद रंग) आला तर पुढे ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन या हर२वर नेम धरणाऱ्या औषधाचा पर्याय उघडतो. केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढतात ते दाखवणारा मार्कर) वर औषध ठरत नाही, त्यावर वेळ घालवू नका.

रक्तातलं एससीसी अँटिजेन फक्त स्क्वॅमस (चपट्या पेशींच्या) प्रकारात कामाचं. पहिला नमुना उपचाराआधी घ्या, पुढचे त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने. उघड्या नळीवर कुणी मास्कविना बोललं, तर लाळेच्या बारीक थेंबानेही आकडा फुगतो. सोरायसिस, एक्झिमा किंवा निकामी मूत्रपिंडानेही. म्हणून एकदा वाढलेला दिसला की स्वच्छ नमुन्यावर पुन्हा करा. दुसऱ्यांदाही चढाच असेल, तर स्कॅन मागवा.