व्हिडिओ बघून जलरंग शिकताय? आधी कागदावरचं पाणी ओळखा

फ्लॅट वॉश (पाणीदार रंगाचा सगळीकडे सारखा थर), ग्रेडेड वॉश (गडदाकडून फिक्याकडे जाणारा थर), वेट-ऑन-वेट (ओल्या कागदावर ओला रंग) हे शब्द ज्यांच्या कानावरून गेलेत, ज्यांनी घरी रंग आणि ब्रश आणून ठेवलेत, त्यांच्यासाठी लिहितेय. फुकटच्या व्हिडिओंवरून घरच्या घरी जलरंग शिकता येतात का, असं ऑफिसातल्या आणि गल्लीतल्या बऱ्याच जणी विचारतात. येतात. मी नोकरी सांभाळून, रात्रीची भांडी आवरल्यावर, स्वयंपाकघराच्या ओट्यावर शिकले आणि अजून शिकतेच आहे. क्लासची फी परवडत नाही म्हणून कुणी मागे राहावं असे दिवस आता नाहीत. पण एक गोष्ट नीट ऐका, कारण तिच्यापायी मी फार काळ अडकून पडले होते.

व्हिडिओत कागद किती ओला आहे ते दिसत नाही. कॅमेरा बहुतेक वेळा वरून सरळ खाली लावलेला असतो आणि ओल्या कागदाची चमक दिसते ती तिरकं बघितल्यावर. शिवाय एक थर दिल्यापासून दुसरा देईपर्यंतचा वेळ एडिटिंगमध्ये कापलेला असतो. शिकवणारा म्हणतो, ‘आता थोडं वाळू द्या,’ आणि पुढच्याच क्षणाला झाडं काढायला लागतो. ते ‘थोडं’ म्हणजे किती? आपल्या कोल्हापुरात एप्रिलच्या दुपारी आकाशाचा वॉश खाली पोचेपर्यंत वरचा भाग वाळायला लागतो. आषाढात झड लागली की तोच कागद अर्धा-अर्धा तास ओलसर राहतो. एसीच्या खोलीत चित्र काढणाऱ्याचं घड्याळ आपल्याला लागू पडणारच नाही. हे कळत नव्हतं तोवर मी ब्रश बदलले, रंग बदलले, आपला हातच चित्राचा नाही असं समजून रडलेसुद्धा.

म्हणून कागदाच्या चार अवस्था ओळखायला शिका. पहिली, पाणी वर उभं आहे आणि कागद आरशासारखा चमकतोय: इथं रंग सोडला की वाहेल तिकडे वाहतो. दुसरी, चमक आहे पण मंद, पाणी हलत नाही: ढग, धुकं, पाण्यातली सावली काढायची ती इथं. तिसरी, चमक गेली पण बोटांची मागची बाजू अलगद टेकवली की कागद गार लागतो. चौथी, गारवाही गेला: आता कडक कडा हव्या असतील तर खुशाल दुसरा थर द्या.

धोका आहे तो दुसरी संपून तिसरी सुरू होताना. त्या वेळी ब्रशमध्ये कागदापेक्षा जास्त पाणी असेल, तर ते पाणी आजूबाजूला सरकतं, अर्धवट वाळलेला रंग ढकलत नेतं आणि कडेला सोडतं. मग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग पडतात. आपण घाबरून ते पुसायला जातो, अजून पाणी घालतो आणि चित्र जातं. त्या वेळी हात लावायचाच असेल तर ब्रश फडक्यावर टिपून घ्या आणि रंग घट्ट घ्या. ते जमत नसेल तर हात मागे घ्या आणि चहा टाका. खरंच.

याचा एक सराव सांगते. एका कागदावर पेन्सिलनं चौकटी आखा, सगळ्यांत एकाच वेळी एकच वॉश द्या. मग दर दोन मिनिटांनी एकेका चौकटीत गडद रंगाचा एक फटकारा मारा आणि शेजारी मिनिटं लिहा. कुठं रंग पसरला, कुठं डाग पडला, कुठं कडा धरली, सगळं डोळ्यांसमोर येतं. हा कागद भिंतीला चिकटवा. पावसाळ्यात एकदा करा, उन्हाळ्यात परत करा. कुठल्याही दोन तासांच्या व्हिडिओपेक्षा या एका कागदानं मला जास्त शिकवलं.

हेअर ड्रायरबद्दल माझं मत कडक आहे: सुरुवातीचे काही महिने तो कपाटातच राहू दे. चमक असताना हवा मारली तर ओला रंग ढकलला जातो आणि कागद वाचायची सवय लागत नाही.

पैसे वाचवायचे तर रंगांत वाचवा, कागदात नको. कॅमलच्या ट्यूबांवर भरपूर शिकता येतं. कार्ट्रिज पेपर, म्हणजे चित्रकलेच्या वहीतला साधा कागद, मात्र पाणी पडलं की फुगतो, खळग्यांत पाणी साठतं आणि वर सांगितलेला सगळा हिशेब कोलमडतो. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) कॉटन कागद ओल जास्त वेळ आणि सारखी धरतो. २२ बाय ३० इंचांची पूर्ण शीट घ्या, तिचे आठ तुकडे करा आणि दोन्ही बाजू वापरा.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्यांनो, तुमची रेषा पक्की असते, पण पोस्टर कलरची सवय आड येते. चुकलं की वरून पांढरा, ही सोय इथं नाही. पांढरा म्हणजे कागद, तो आधीच राखायचा. तयार काळाही बाजूला ठेवा. अल्ट्रामरिन ब्लू आणि बर्न्ट सायना (तांबूस तपकिरी) मिसळून जो करडा येतो, त्यात पंचगंगा घाटाचा काळा दगड जिवंत होतो. निळा वाढवला की सावलीतला दगड, सायना वाढवला की उन्हातला.

शिकवणारा निवडताना ‘१० मिनिटांत सूर्यास्त’वाल्यांपासून लांब राहा. ‘रिअल टाइम’ लिहिलेले, न कापलेले व्हिडिओ शोधा. एकच माणूस धरा आणि काही महिने सोडू नका. रोज नवा गुरू केला की रोज नवा पॅलेट, आणि हात कुठंच बसत नाही. व्हिडिओ आधी ब्रश न घेता पूर्ण बघा, मग बंद करून चित्र काढा.

आणि जिवंत माणसाला चित्र दाखवा. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘वा, छान’च मिळणार, त्यानं मन भरतं पण आकाश सुधारत नाही. आपण कोल्हापुरात राहतो, हे मोठं भाग्य आहे. चित्रकार आबालाल रहिमान यांनी इथंच कोटितीर्थ आणि रंकाळा तलावांच्या काठानं चित्रं काढली. टाउन हॉल म्युझियममध्ये आणि राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात जाऊन मूळ चित्रांसमोर उभे राहा. माध्यम कुठलंही असो, कडा बघा: कुठं कापल्यासारखी आहे, कुठं विरघळलीय. मोबाइलच्या पडद्यावर हे कळत नाही. शाहू स्मारकात प्रदर्शन असेल तर चित्रकाराशी बोला. ‘हे कागद ओला असताना केलंत का?’ एवढा नेमका प्रश्न विचारलात की माणूस मोकळेपणानं सांगतो.

वय, नोकरी, लहान घर यांची भीती नको. ओट्याच्या कोपऱ्यात पाव शीट मावते.

घाटावर किंवा रंकाळ्यावर बसून काढायचं मनात आलं तर थंडीत सुरुवात करा. मार्चनंतर जाणार असाल तर नऊच्या आत उरकायचं ठरवा, सावलीत बसा, कागद ओला ठेवायला पाण्याच्या स्प्रेची छोटी बाटली जवळ ठेवा. आणि आकाश पहिल्यांदा करा, कारण ऊन चढलं की एवढा मोठा वॉश पूर्ण होण्याआधीच वाळायला लागतो.