जुन्या वाड्याची खिडकी घरात लावताना

सोलापुरात जुना वाडा उतरवताना निघालेली सागवानी खिडकी घेण्यापूर्वी चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात टोच्या रुतवून पाहावा. तो सहज आत गेला, तर लाकूड वाळवीने पोखरले किंवा कुजले आहे असे समजावे. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा न घासता पाणी मारून, तोंडाला मास्क लावून आणि मुलांना दूर ठेवूनच खरवडावा. लाकूड पूर्ण सुकल्यावर जवसाच्या तेलाचे 2 पातळ हात द्यावेत, कारण येथील 40 अंशांपुढच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकडाला चिरा पडतात. बिजागऱ्या व कडी मात्र मूळचीच ठेवावी. खिडकीचे वय त्यांच्यातच दिसते. भिंतीवर टांगताना वजन गिलाव्यावर न सोडता विटेत घट्ट बसवलेल्या बोल्टांवर घ्यावे. गजांमागे आरसा लावल्यास अंधाऱ्या खोलीतही उजेड खेळतो.