रक्तगट, सिकलसेल आणि जनुकं: वारशाचं गणित मांडताना या चुका टाळा

बारावीला आनुवंशिकता शिकवून झाली की तास संपल्यावर कुणीतरी मागे रेंगाळतंच. एका वर्षी एक मुलगी वही छातीशी धरून उभी राहिली. "मॅडम, आईचा रक्तगट ए, बाबांचा बी आणि माझा ओ. काका म्हणतात, असं होऊच शकत नाही." आवाज अगदी बारीक झाला होता.

तिच्याच वहीच्या मागच्या पानावर मी चौकट काढली. आईकडे ए आणि ओ, बाबांकडे बी आणि ओ. चार घरं भरली: एबी, ए, बी, ओ. तिनं चौथ्या घरावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललं नाही.

कार्डावर एकच अक्षर असतं, पण जनुकं दोन असतात, एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. ओ अप्रभावी असल्यामुळे ते ए किंवा बीच्या सोबत असलं की दिसत नाही. दिसत नाही म्हणून नाहीच असं धरलं, की घरात नको ते संशय सुरू होतात.

आईवडील दोघांचे रक्तगट ओ आणि मूल ए, असंही क्वचित घडतं, आणि याचं कारण आपल्या मुंबईतच सापडलं. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे रक्तगट' जगापुढे मांडला. ए आणि बी हे घटक 'एच' नावाच्या पायावर उभे राहतात. एच तयार करणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर पायाच नाही. मग ए चं जनुक असूनही साध्या तपासणीत रक्त ओ दिसतं. जोडीदाराकडून चांगलं एच मिळालं की मुलामध्ये तोच ए उघड होतो. अशा व्यक्तीला नेहमीचं ओ रक्तही चालत नाही, बॉम्बे गटाचंच लागतं. म्हणून कळकळीनं सांगते, रक्तगटाच्या कार्डावरून नात्याचा निवाडा करू नका.

'प्रभावी' या शब्दाला फसू नका

प्रभावी म्हणजे जास्त आढळणारं किंवा चांगलं, असा अर्थ मुलं हमखास लावतात. ओ अप्रभावी आहे, तरी तो गट असलेली कोट्यवधी माणसं आहेत. हाताला सहावं बोट असणं बऱ्याच घराण्यांत प्रभावी जनुकामुळे येतं, पण ते किती जणांना असतं? कोणतं जनुक समाजात किती पसरलंय, हा प्रश्नच वेगळा.

दुसरा गैरसमज असा की प्रभावी जनुक अप्रभावीला दाबून टाकतं. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचा सुरकुतलेला वाटाणा पाहा. तिथे स्टार्चला फांद्या फोडणाऱ्या एका विकराचं (एन्झाइमचं) जनुक बिघडलेलं असतं. एक प्रत चांगली असली तरी दाणा गोल व्हायला पुरेसं विकर तयार होतं. एवढंच. कुणी कुणाला दाबलेलं नसतं. असा मिश्र दाणा डोळ्यांना गोल दिसतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले स्टार्चचे कण दोन्ही शुद्ध प्रकारांपेक्षा वेगळे दिसतात.

पंचवीस टक्के म्हणजे ठरलेला क्रम नव्हे

ही चूक सगळ्यांत महाग पडते. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल, म्हणजे बिघडलेल्या हिमोग्लोबिनमुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार, अनेक घरांत आहे. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी दोघांकडे एकेक बिघडलेलं जनुक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 आणि पूर्ण मुक्त असण्याची 25. "पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन बरी होतील" हा हिशोब खरा नाही. प्रत्येक वेळी डाव नव्यानं पडतो. पुढची तिन्ही मुलं आजारापासून सुटण्याची शक्यता साधारण 42 टक्केच भरते.

मेंडेलला तीनास एक हे प्रमाण मिळालं ते 7324 दाण्यांत: 5474 गोल, 1850 सुरकुतलेले. पण त्यातल्याच एका झाडावर 43 गोल आणि फक्त 2 सुरकुतलेले होते, तर दुसऱ्यावर 14 आणि 15. हे आकडे मी फळ्यावर मुद्दाम लिहिते, कारण घरातली मुलं दोन-तीनच असतात आणि इतक्या थोड्यांत हे प्रमाण दिसेलच असं नाही.

तपासणीत होणारे घोळ

सोल्युबिलिटी ही सिकलसेलची प्राथमिक रक्तचाचणी सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी करावी लागते. तान्ह्या बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत सोल्युबिलिटीवर विसंबू नका.

"मी सिकलचा वाहक, ती बीटा-थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आजाराची, म्हणजे दोघांचं वेगळं" असं म्हणून निर्धास्त होऊ नका. दोन्ही बिघाड एकाच बीटा-ग्लोबिन जनुकातले असतात. मुलाला दोन्ही मिळाले तर आजार होतो. लग्नाआधी किंवा निदान गरोदरपणाच्या सुरुवातीलाच दोघांची तपासणी करून घ्या.

जीभ वळवता येणं एकाच जनुकावर ठरतं, हे अजूनही सर्रास शिकवलं जातं. एकसारख्या जुळ्यांमध्येही एकाला जमतं, दुसऱ्याला नाही, तेव्हा ते उदाहरण सोडून द्या. उंची आणि कातडीचा रंगही अनेक जनुकांचा खेळ आहे, त्यावर चार घरांची चौकट लावू नका.

आणि ज्या घरात एक मूल सिकलसेलचं रुग्ण आहे, तिथलं निरोगी भावंड वाहक असण्याची शक्यता निम्मी नसते. चौकटीतलं आजाराचं घर त्याच्यापुरतं आधीच खोडलं गेलेलं असतं. उरलेल्या तीन घरांपैकी दोन वाहकाची. म्हणजे तीनात दोन. त्या भावंडाची तपासणी त्याच्या लग्नाची बोलणी निघण्यापूर्वी करून ठेवा.