गावच्या पाण्याचा प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या वर्गांत फील्ड प्रोजेक्ट आणला आणि ‘गावातील पिण्याच्या पाण्याची गुणवत्ता’ हा विषय हमखास निवडला जाऊ लागला. विषय चांगलाच आहे. पण अहवाल उघडला की अर्ध्यात पीएच (आम्लता) आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) यांचे तक्ते, अर्ध्यात प्रश्नावलीचे पाय-चार्ट, आणि दोघांची गाठभेट कुठेच नाही. तपासलेल्या विहिरीचं पाणी नेमकं कोण पितं, हेच कळत नाही. बाकीच्या बऱ्याच चुका इथूनच निघतात.

म्हणून बाटल्या घेऊन निघण्याआधी एक फेरी नुसती गावातून मारा. सरकारी बोअर, हापसा, खासगी विहिरी, नळाची टाकी हे सगळं हाताने काढलेल्या नकाशावर मांडा आणि प्रत्येकापुढे तिथे पाणी भरणारी वस्ती लिहा. मुख्य रस्त्यावरच्या विहिरीचा नमुना घेऊन ‘गावाचं पाणी’ म्हणायचं, आणि टोकाच्या वस्तीचा हापसा बघायचाच नाही, हे सर्रास चालतं. शक्य असेल तर मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर, असे दोनदा नमुने घ्या. एकाच स्रोताचे आकडे बरेच बदललेले दिसतात.

टीडीएस मीटरवर फार विसंबू नका. पाण्यात एकूण क्षार किती, याचा तो फक्त अंदाज देतो. त्यातले जंतू त्याला दिसत नाहीत आणि फ्लोराइड वेगळं ओळखता येत नाही. यवतमाळ किंवा चंद्रपूरच्या फ्लोराइडग्रस्त भागात नुसता मीटर बुडवून ‘पाणी योग्य’ लिहिणं धोक्याचं आहे. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं.

नायट्रेटच्या आकड्यात तर चांगली हुशार मुलंही फसतात. समजा, प्रयोगशाळेच्या कागदावर १२ लिहून आलं. मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, म्हणजे पाणी सुरक्षित, असं लिहून मुलं मोकळी होतात. पण तो आकडा ‘नायट्रेट-नायट्रोजन’चा, म्हणजे नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनच्या वजनाचा असेल तर त्याला ४.४३ ने गुणावं लागतं. गुणाकार येतो ५३ च्या आसपास, म्हणजे पाणी मर्यादेबाहेर. एककाची ओळ वाचल्याशिवाय तक्ता भरू नका. आणि शिफारशींत ‘पाणी उकळून प्यावे’ तर मुळीच लिहू नका. उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण उलट वाढतं.

जंतूंच्या तपासणीला रिकामी मिनरल वॉटरची बाटली चालत नाही. निर्जंतुक बाटली घ्या, हापसा आधी काही मिनिटं चालवा, नमुना बर्फात ठेवा आणि २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यामुळे बाटलीत ते निष्प्रभ करणारं सोडियम थायोसल्फेट हवं. नाहीतर वाटेतच जंतू मरतात आणि निकाल खोटा चांगला येतो.

आता प्रश्नावली. ‘आपण शुद्ध पाणी पिता का?’ याला कोण नाही म्हणेल? त्यापेक्षा विचारा: मावशी, आज सकाळी प्यायचं पाणी कुठून भरलं? कोणी भरलं? ती विहीर आटल्यावर कुठे जाता, तिथे कोणी अडवतं का? शेवटचा प्रश्न अंगणात चारचौघांसमोर विचारू नका, खरं उत्तर मिळणार नाही. उत्तर पुरुष देत असेल आणि हंडा बाई उचलत असेल, तर दोघांशी वेगवेगळं बोला. प्रत्येक उत्तराला स्रोताचा तोच क्रमांक द्या जो बाटलीवर आहे. एवढं केलंत की दोन्ही तक्ते आपोआप जुळतात.

ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला, म्हणजे गावचं पाणी शुद्ध ठेवायची जबाबदारी असलेल्या माणसाला, भेटल्याशिवाय परतू नका. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कधी टाकली, पाण्यात क्लोरीन उरलंय का हे बघणारी ओटी टेस्ट कधी केली, पाण्याच्या जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळालंय की पिवळं, ही माहिती त्याच्याकडे असते.

एखादा निकाल वाईट आला, तर फोटो काढून गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. आधी दुसरा नमुना घेऊन खात्री करा. मग ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) लेखी कळवा आणि त्या स्रोतावर पाणी भरणाऱ्या घरांत स्वतः जाऊन सांगा. सादरीकरणाची तारीख यानंतरची घ्या.