ऑटोकॅडची फाईल फुगलीय? या चुका टाळा

गिरगावातल्या एका चाळीच्या पुनर्विकासाचं काम आमच्या दादरच्या ऑफिसात चालू होतं. तळमजला, वर १२ मजले, टिपिकल फ्लोअर एकच. एवढ्याशा इमारतीची ऑटोकॅडची (नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरची) फाईल ६२ एमबीवर गेली होती. जीमेलला २५ एमबीच्या वर काही जोडता येत नाही. साइट इंजिनिअरच्या जुन्या लॅपटॉपवर फाईल उघडायला घेतली की तो लॅपटॉपच अडकून बसायचा. शेवटी ऑफिसातला एक मुलगा पेनड्राइव्ह घेऊन लोकलने चर्नी रोडला गेला. दुसऱ्या दिवशी साफसफाई केली तेव्हा तीच फाईल साडेपाच एमबीवर आली, आणि प्रिंटमध्ये एक रेघही कमी झाली नाही. म्हणजे साडेछप्पन्न एमबी प्रिंटवर न उमटणाऱ्या गोष्टींचे होते.

म्हणून हे लिहिते आहे. फाईल जड झाली की बहुतेक जण आधी ड्रॉइंगमधल्या रेषा कमी करायला धावतात. आधी वजन कुठे आहे ते शोधा. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. फाईलची एक प्रत काढा, सगळे लेअर (ड्रॉइंगचे थर) थॉ, म्हणजे फ्रीझ असतील तर मोकळे, आणि अनलॉक करा, मॉडेलमधलं आणि सगळ्या लेआउटमधलं (प्रिंटच्या पानांवरचं) सगळं पुसा, पर्ज करा, म्हणजे वापरात नसलेल्या गोष्टी काढा, आणि नव्या नावाने सेव्ह करा. फाईल काही केबीवर आली तर वजन तुमच्या कामात किंवा ब्लॉकमध्ये (एकदा करून पुन्हा पुन्हा टाकायच्या तयार चित्रांमध्ये) होतं. रिकामी होऊनही ती ४० एमबीच राहिली, तर आत काहीतरी लपून बसलंय.

लेअर बंद केला, झिप केली, तरी फाईल तेवढीच

लेअर ऑफ किंवा फ्रीझ केल्याने वस्तू दिसेनाशी होते, फाईलमधून जात नाही. झिपनेही फारसं हाती लागत नाही, कारण २००४ च्या फॉरमॅटपासून डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची नेहमीची फाईल मुळातच दाबून साठवली जाते. याच कारणाने, कन्सल्टंटकडे जुनं व्हर्जन आहे म्हणून फाईल २००० च्या फॉरमॅटमध्ये सेव्ह केली की ती उलट वाढते. डीएक्सएफ, म्हणजे इतर सॉफ्टवेअरशी देवाणघेवाण करायची फाईल, तर त्याहून मोठी होते.

एक्सप्लोड: सगळ्यात महागडी सवय

यावर मी जरा थांबणार आहे, कारण नव्या मुलांच्या हातून हीच चूक सगळ्यात जास्त होते. ब्लॉकची व्याख्या फाईलमध्ये एकदाच साठवली जाते. टॉयलेटमधल्या कमोडचा ब्लॉक १२ मजल्यांवर ९६ ठिकाणी टाका, प्रत्येक ठिकाणी फक्त जागा, कोन आणि स्केल यांची नोंद होते. तोच एक्सप्लोड केला, म्हणजे फोडला, की ९६ कमोड सुट्या रेषा आणि आर्क होऊन बसतात. हॅचचंही (आत भरलेल्या नक्षीचंही) तसंच. विटांचा हॅच म्हणजे एक पॅटर्न आणि एक सीमारेषा. फोडला की हजारो तुकडे. ‘हॅच नीट दिसत नाही म्हणून फोडला’ हे मी अनेकदा ऐकलंय. तिथे हॅचचं स्केल चुकलेलं असतं, ते बदला.

एलिव्हेशनसाठी नेटवरून उतरवलेली झाडं, गाड्या, माणसं यांचे ब्लॉकही तपासा. एका झाडाच्या पानापानाची स्प्लाइन (वळणदार रेष) असते. प्रिंटवर ते झाड सेंटीमीटरभर दिसणार असेल तर साधी बाह्यरेषा पुरते.

जुन्या फाईलवर ‘सेव्ह अ‍ॅज’

गिरगावच्या फाईलचा खरा आजार हा होता. पाच वर्षांपूर्वीच्या एका सोसायटीच्या फाईलवर नवं काम सुरू झालं होतं, आणि ती फाईलही तिच्या आधीच्या कामावरून आलेली. प्रत्येक कामाचे लेअर, डायमेन्शन स्टाइल, टायटल ब्लॉक मागून आलेच. पर्जच्या यादीत ए-डॉलर-सी पासून सुरू होणारी विचित्र नावं दिसली तर दचकू नका. ‘पेस्ट अ‍ॅज ब्लॉक’ केलं की ऑटोकॅड स्वतः अशी नावं देतं, आणि तो ब्लॉक फोडला किंवा पुसला तरी व्याख्या मागे राहते.

पर्ज चालवताना नेस्टेड आयटमवर टिक करा, नाहीतर ब्लॉकच्या आतले ब्लॉक राहून जातात. एखादी गोष्ट पर्ज होत नसेल तर ती कुठेतरी वापरात आहे: एखाद्या लेआउटमध्ये, फ्रीझ लेअरवर किंवा दुसऱ्या ब्लॉकच्या पोटात. २०२० पासूनच्या आवृत्तीत पर्ज न होणाऱ्या वस्तू आणि त्यांचं संभाव्य कारण त्याच खिडकीत दिसतं.

मग येतात रेगअ‍ॅप, म्हणजे इतर सॉफ्टवेअर आणि अ‍ॅड-ऑननी फाईलमध्ये सोडलेल्या नोंदी. त्यासाठी पर्जच्या आधी हायफन लावून कमांड द्या, आर निवडा, सगळ्यांसाठी तारांकन द्या आणि प्रत्येक नाव विचारू का, याला नाही म्हणा. मेट्रो किंवा रस्त्याच्या कामातून मायक्रोस्टेशन या दुसऱ्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरची डीजीएन फाईल आली असेल तर तिच्या लाइनस्टाइलचा (रेषांच्या प्रकारांचा) कचरा रिकाम्या फाईललाही फुगवतो, आणि नुसत्या कॉपी-पेस्टने तो दुसऱ्या फाईलमध्ये जातो. नव्या आवृत्त्यांमध्ये पर्जच्याच खिडकीत ऑर्फन्ड (बेवारस) डेटा काढायची टिक आहे, ती लावा. अ‍ॅनोटेशन स्केलची यादी लांबच लांब झाली असेल तर स्केललिस्टएडिटमधून रिसेट करा.

ओव्हरकिल डोळे मिटून चालवू नका

एकावर एक बसलेल्या रेषा ओव्हरकिल काढतं, सर्व्हेअरच्या फाईलवर तर त्याचा मोठा उपयोग होतो. पण परवानगीच्या ड्रॉइंगवर जपून. परवानगीसाठीचा नकाशा तपासणारं ऑटोडीसीआरसारखं सॉफ्टवेअर ठरावीक लेअरवरच्या बंद पॉलीलाइन वाचतं. प्लॉटची हद्द, मजल्याची बाह्यरेषा, भिंत अशा दोन-तीन रेषा एकाच जागी मुद्दाम असतात. ओव्हरकिलमध्ये ‘लेअरकडे दुर्लक्ष करा’ ही टिक लावली तर त्यातली एक नाहीशी होते आणि क्षेत्रफळाचा हिशोब कोलमडतो. पर्जमध्येही तेच भान ठेवा. तपासणीसाठी लागणारा रिकामा लेअर उडाला तर पुन्हा करत बसावं लागेल. दोन्ही कमांड प्रतीवरच चालवा, आधी आणि नंतर ऑडिट (फाईलमधल्या चुका शोधणारी कमांड) करा.

एक्सेल आणि स्क्रीनशॉट थेट पेस्ट करणं

एरिया स्टेटमेंट एक्सेलमधून थेट चिकटवलं की चार ओळींसोबत पूर्ण वर्कबुक ड्रॉइंगमध्ये येऊ शकतं. पेस्ट स्पेशलमधून ऑटोकॅड एंटिटीज निवडा, साधा टेबल मिळतो. डीपी रिमार्कचं (विकास आराखड्यातल्या शेऱ्याचं) किंवा लोकेशन प्लॅनचं चित्र चिकटवू नका, इमेज म्हणून अ‍ॅटॅच करा. मग ड्रॉइंगमध्ये फक्त त्या चित्राचा पत्ता राहतो. पाठवताना मात्र ड्रॉइंगसोबत जोडलेल्या फाईलीही गोळा करणारं ई-ट्रान्समिट वापरा, नाहीतर समोरच्याला चित्राच्या जागी नुसती चौकट दिसेल.

सगळं केलं, तरी साइज उतरली नाही

साधं सेव्ह दर वेळी फाईल नव्याने लिहित नाही, मोकळी झालेली जागा तशीच सोडतं. किती जागा वाया जाऊ द्यायची हे आयसेव्हपर्सेंट नावाचं सेटिंग ठरवतं आणि त्याची मूळ किंमत ५० असते. ती ० केली की प्रत्येक सेव्ह पूर्ण होतं. मोठ्या फाईलला थोडा वेळ जास्त लागतो इतकंच. ‘सेव्ह अ‍ॅज’ करूनही हाच परिणाम मिळतो. यानेही हललं नाही तर डब्ल्यूब्लॉक या कमांडमध्ये ‘एन्टायर ड्रॉइंग’ निवडून नवी फाईल काढा. तिथे ‘ऑब्जेक्ट्स’ निवडलं तर लेआउट मागेच राहतात, तेव्हा पाठवण्याआधी प्रत्येक लेआउट उघडून बघा.

आमच्या ऑफिसात आता टायटल ब्लॉक, लेअर आणि स्टाइल एवढंच असलेली एक डीडब्ल्यूटी (टेम्प्लेट) फाईल रीड-ओन्ली करून सर्व्हरवर ठेवली आहे. प्रत्येक नवं काम तिच्यातून सुरू होतं. जुन्या कामातला दरवाजा हवा असेल तर डिझाइन सेंटर या ऑटोकॅडच्या खिडकीतून तो एकच ब्लॉक ओढून आणायचा, त्यासाठी अख्खी फाईल उघडून कॉपी करायची नाही.