जर्मनीत क्विअर मित्राच्या असाइलम मुलाखतीला सोबत जाताय? आधी हे वाचा

इथे हिंदी येणाऱ्या माणसाला कधी ना कधी फोन येतोच, की एक पाकिस्तानी मुलगा आहे, गे आहे, असाइलमच्या, म्हणजे इथे आश्रय मिळण्यासाठीच्या, मुलाखतीची तारीख आलीये, सोबत जाशील का. आपली हिंदी पिक्चर बघून शिकलेली, पण त्याच्या उर्दूला बऱ्यापैकी पुरते. तर जा, फक्त तयारी करून जा.

पहिलं म्हणजे तुम्ही तिथे दुभाषी नाही. दुभाषी बाम्फ, म्हणजे असाइलमचं सरकारी ऑफिस, स्वतः देतं. तुम्ही नुसते सोबती, आणि तेही आधी लेखी कळवायचं, आयत्या वेळी दारात उभं राहून चालत नाही. त्याच पत्रात लिहा की अशा केसेसचं खास ट्रेनिंग झालेला अधिकारी हवा, आणि अधिकारी, दुभाषी बाई हवी की पुरुष तेही लिहा. दुभाषी बरेचदा त्याच्याच मुलखातला निघतो आणि पोराला धास्ती की हा बाहेर जाऊन सगळीकडे सांगेल. दुभाष्यावर गुप्ततेचं बंधन असतं हे त्याला सांगा, आणि तरी भाषा जुळत नसेल, मान राखला जात नसेल तर तिथल्या तिथे बोलायचं आणि ते नोंदवून घ्यायचं, घरी येऊन चरफडून उपयोग नाही.

कायद्याचं थोडक्यात. १९५१ च्या निर्वासित करारात 'विशिष्ट सामाजिक गट' असा एक आधार आहे, गे, लेस्बियन, ट्रान्स लोकांच्या केसेस मुख्यतः त्यातून जातात. पाकिस्तानात कलम ३७७ अजून आहे, तेच इंग्रजांचं १८६० चं, जे आपल्याकडे २०१८ मध्ये सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं गेलं. 'तिकडे लपून राहा ना' असं अधिकाऱ्याला म्हणता येत नाही, युरोपियन युनियनच्या कोर्टाने २०१३ मध्येच सांगितलंय. २०१४ मध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की बेडरूममधले तपशील विचारायचे नाहीत, तसले व्हिडिओ पुरावा म्हणून घ्यायचे नाहीत, आणि आधी लाजेने बोलला नाही एवढ्यावरून खोटा ठरवायचा नाही. त्यामुळे कोणी 'तसले फोटो घेऊन जा' असा सल्ला दिला तर ऐकू नका.

मग सांगायचं काय, तर स्वतःचं आयुष्य. आपण वेगळे आहोत हे कधी कळलं, कोणापासून लपवलं, कशाची लाज वाटली, कोणी काय केलं. तारखा आठवत नसतील तर मॅट्रिकच्या परीक्षेनंतर, ईदच्या आधी, असं धरून मागे जायचं. उत्तरं मात्र पाठ करून घेऊ नका, पाठ केलेलं लगेच कळतं.

एका पोराचा मुलाखतीचा सराव घेताना मी स्वतः घाण केली ती सांगतो. विचारलं, घरचे कसे वागले? तो म्हणाला, "थोड़ा मारा था भाई ने।" मी चहा गाळत होतो, हं म्हटलं आणि पुढचा प्रश्न घेतला. बऱ्याच वेळाने त्याने कप घेतला तेव्हा दिसलं की त्याचा डावा हात कोपरात सरळच होत नाही. विचारल्यावर कळलं, दोन महिने प्लास्टर होतं. त्याच्या 'थोड़ा' मध्ये एवढं सगळं मावलेलं. तर 'थोडं', 'जरा', 'लोग बातें करते थे' असं आलं की थांबा आणि विचारा, म्हणजे नक्की काय?

बायकांचं अजून अवघड. नवऱ्यासोबत आली असेल तर तिची मुलाखत वेगळी, त्याच्यासमोर तिने काही सांगायची गरज नाही, हे तिला आधी एकटीला गाठून सांगा. लेस्बियन आहेस तर लग्न कसं झालं, दोन पोरं कशी, असा प्रश्न येऊ शकतो. अहो, लग्न ठरवताना मुलीला विचारतंय कोण, आपल्याकडे तरी कुठे विचारायचे! पण हे तिने तिच्या शब्दांत सांगायला हवं, कोणी ठरवलं, नाही म्हणाली असती तर काय झालं असतं.

शेवटी जबाब त्याच्या भाषेत परत वाचून दाखवतात. तोवर सगळे दमलेले असतात, 'वाचायचं राहू दे' म्हणायचा मोह होतो, तो टाळा. प्रत्येक चूक तिथेच दुरुस्त करून घ्या, मगच सही.

आणि पिवळं पाकीट. निर्णय त्यातून येतो, पोस्टमन त्यावर तारीख टाकतो आणि अपिलाची मुदत त्या तारखेपासून मोजतात. साध्या नकाराला दोन आठवडे, 'उघडच निराधार' म्हटलं असेल तर एकच, असा हिशोब होता, पण जून २०२६ पासून युरोपचे नवे नियम, त्यामुळे मुदत वकिलाकडूनच कन्फर्म करा. पाकीट फेकू देऊ नका, तारखेचा फोटो काढा आणि त्याच दिवशी वकिलाला पाठवा.