बुद्धिबळाचं इंजिन वापरताना या चुका टाळा

मुलांना बुद्धिबळाची गोडी लागली की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात ताकदवान सॉफ्टवेअर कोणतं घेऊ? खरं तर या प्रश्नावर पैसे घालवायची गरजच नाही. स्टॉकफिश हे इंजिन, म्हणजे चांगल्या चाली शोधून देणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे आणि साध्या मोबाईलवरही जगातल्या कुठल्याही माणसापेक्षा जोरकस खेळतं. १९९७ मध्ये जगज्जेत्या कास्पारोवला हरवायला आयबीएमला डीप ब्लू नावाचा खास संगणक बांधावा लागला होता. आज ती ताकद खिशात आहे. बाराशे-पंधराशे रेटिंगच्या (रेटिंग म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा) खेळाडूचं घोडं ताकदीपाशी अडत नाही. इंजिनला काय विचारायचं आणि कधी विचारायचं, तिथे अडतं.

डाव संपला की लगेच इंजिन लावणं

सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. हरल्याची चुटपुट लागलेली असते, बोट आपोआप विश्लेषणाच्या बटणाकडे जातं. लाल खुणा दिसतात, 'अरे, हत्ती तिकडे न्यायला हवा होता' असं म्हणून पुढचा डाव सुरू होतो. आठवड्याभराने तीच चूक पुन्हा.

आधी इंजिन बंद ठेवून डाव एकदा स्वतः चाळा. कुठे गोंधळ झाला, कुठे वेळ गेला, प्रतिस्पर्ध्याची कुठली चाल अनपेक्षित होती, एवढं दोन-चार ओळींत लिहा आणि मग इंजिन लावा. तुम्ही ज्या चालीला उत्तम समजत होतात तिथेच इंजिनने लाल खूण केली असेल, तर ती जागा सोन्याची. तुमची समजूतच कुठे चुकते, ते तिथे कळतं. लीचेस या फुकट बुद्धिबळ संकेतस्थळावर संगणकी विश्लेषण झाल्यावर चुकांमधून शिकण्याची एक सोय आहे: ती चुकीच्या चालीच्या आधीची स्थिती पटावर मांडते आणि उत्तर न सांगता तुम्हालाच चांगली चाल शोधायला लावते. फुकट आहे, तरी फार कमी लोक वापरतात.

उत्तर पाहणं आणि कारण न विचारणं

इंजिन चाल सांगतं, कारण सांगत नाही. ते काढून घ्यावं लागतं. शाळकरी मुलांच्या डावांत हमखास येणारी एक स्थिती घेऊ.

(ई४, एफ३ ही पटावरच्या घरांची नावं; नुसतं घर लिहिलं असेल तर तिथे प्यादं जातं.) पांढरा ई४, काळा ई५. घोडा एफ३, घोडा सी६. उंट सी४, घोडा एफ६. आता पांढऱ्याचा घोडा जी५ वर येऊन एफ७ वर डोळा ठेवतो. काळा डी५ खेळून उंटाची वाट अडवतो, पांढरा ई४ च्या प्याद्याने ते मारतो. आता काळ्याने घोड्याने डी५ वरचं प्यादं परत मारणं अगदी साहजिक वाटतं. इंजिन मात्र नाक मुरडतं आणि दुसरा घोडा पटाच्या कडेला, ए५ वर न्यायला सांगतं. बहुतेक जण इथे 'ए५' पाठ करतात. तसं करू नका. तुम्हाला साहजिक वाटलेली चालच पटावर खेळा आणि पांढऱ्याचं उत्तर पाहा. इंजिन कधी डी४ दाखवेल, कधी थेट एफ७ वर घोड्याचा बळी. बळीची ओळ पुढे न्या: राजा घोडा मारतो, वजीर एफ३ वर येऊन शह देतो आणि त्याच दमात डी५ च्या घोड्यावरही नेम धरतो. घोडा वाचवायचा तर काळ्या राजाला ई६ वर, भर रणांगणात उभं राहावं लागतं. पांढरा दुसरा घोडा सी३ वर आणतो, डी५ वर तिसरा मारा. आता कारण डोळ्यांसमोर आहे.

मग ए५ ची ओळही तशीच खेळून पाहा. पांढऱ्याचा उंट बी५ वरून शह देतो, काळा सी६ ने अडवतो, प्याद्यांची मारामारी होते आणि काळ्याकडे एक प्यादं कमी राहतं. पण बी५ चा उंट हल्ल्यात आल्याने त्याला हलावं लागतं, मग एच६ खेळून काळा जी५ चा घोडाही हुसकावतो, तो एफ३ वर गेला की ई४ खेळून पुन्हा हुसकावतो. एका प्याद्याच्या बदल्यात काळ्याला भराभर मोहरी बाहेर काढायला वेळ मिळतो. हे एकदा हाताने खेळून पाहिलं की पाठांतराची गरज उरत नाही.

कारण शोधायची दुसरी युक्ती म्हणजे धमकी विचारणं. लीचेसच्या विश्लेषण पटावर कीबोर्डवरचं 'एक्स' बटण दाबलं की प्रतिस्पर्ध्याला आत्ताच लागोपाठ आणखी एक चाल मिळाली असती तर त्याने काय केलं असतं, ते दिसतं. सामान्य खेळाडूचे कितीतरी डाव समोरच्याची धमकी न दिसल्यामुळेच जातात, त्यामुळे या एका बटणाची सवय लावून घ्याच.

आकड्याला निकाल समजणं

कोण किती वरचढ आहे, हे इंजिन साधारण प्याद्यांच्या मापात आकड्याने दाखवतं. +०.४ दिसलं म्हणजे पांढरा जिंकतोय असं नाही. स्टॉकफिशच्या १५.१ आवृत्तीपासून +१ चा अर्थ ढोबळमानाने असा ठरवला आहे: तुल्यबळ स्टॉकफिशविरुद्ध जिंकण्याची शक्यता ५० टक्के. म्हणजे हा हिशेब इंजिन विरुद्ध इंजिन असा आहे. लीचेस माणसांच्या डावांवरून काढलेलं जे सूत्र वापरतं, त्यात +१ ला पांढऱ्याचं पारडं जेमतेम ५९ टक्के भरतं आणि +३ ला साधारण ७५. दोन्ही बाजूंना नवशिके असतील तर अर्ध्या प्याद्याच्या फरकावर झोप घालवण्यात अर्थ नाही.

एकाऐवजी तीन ओळी दिसतील अशी सेटिंग करा. तिन्ही चालींचे आकडे जवळपास असतील तर तुम्हाला समजेल ती चाल खेळा, बिनधास्त. पहिली चाल +०.५ आणि दुसरी −२ असेल तर तिथे थांबा. त्या स्थितीत एकच चाल होती आणि ती का, हे शोधण्यात तासभर गेला तरी वाया जात नाही.

चिन्हाचाही घोळ होतो. लीचेसवर अधिक म्हणजे नेहमी पांढरा वरचढ. काही प्रोग्राम मात्र ज्याची चाल आहे त्याच्या बाजूने आकडा दाखवतात. नवं ॲप घेतलंत की काळ्याचा वजीर उचलून बाजूला ठेवा, पांढऱ्याची आणि काळ्याची चाल अशा दोन्ही वेळी चिन्ह बघा, लगेच उलगडा होईल.

आकडा सारखा बदलतो, मोबाईल तापतो

यात बिघाड काही नाही. इंजिन जसजसं खोल जातं तसं त्याचं मत बदलतं. पहिल्या सेकंदाला दिसलेली चाल वाचू नका, खोली ('डेप्थ', म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून किती चाली पुढचं इंजिन पाहतंय तो आकडा) विसाच्या आसपास गेली की वाचा आणि इंजिन बंद करा. आपल्या कामाला तेवढं पुरतं. दोन फोनवर वेगवेगळे आकडे दिसले तर आधी दोन्हीकडची खोली ताडून पाहा.

पटावर राजे धरून सातच मोहरी उरली असतील तर इंजिनचा अंदाज सोडा आणि टेबलबेस, म्हणजे अशा सगळ्या स्थितींची आधीच काढून ठेवलेली उत्तरं, पाहा. तिथे जिंकणार, हरणार की बरोबरी, याचं अचूक उत्तर मिळतं.

सरावासाठी इंजिनची पातळी कमी करणं

पातळी उतरवलेलं स्टॉकफिश माणसासारखं चुकत नाही. दहा चाली ते सफाईने खेळतं आणि अकराव्या चालीला विनाकारण उंट देऊन टाकतं, कारण मुद्दाम कमकुवत चाल निवडायला त्याला सांगितलेलं असतं. असल्या चुका खऱ्या प्रतिस्पर्ध्याकडून होत नाहीत. माया हे इंजिन लीचेसवरच्या लाखो मानवी डावांवरून शिकवलेलं आहे; ११०० ते १९०० रेटिंगचा माणूस इथे काय खेळेल, याचा ते अंदाज बांधतं. लीचेसवर माया१, माया५ आणि माया९ हे बॉट (संगणकी खेळाडू) आहेत, अनुक्रमे ११००, १५०० आणि १९०० च्या खेळाडूंच्या डावांवर घडवलेले. लोकांना अडचणीत आणणाऱ्या चाली त्याच्याशी खेळताना नेमक्या समोर येतात.

ओपनिंगचंही, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचंही, तसंच. ग्रँडमास्टरांच्या डावांतली विसाव्या चालीपर्यंतची ओळ घोकण्याआधी लीचेसच्या ओपनिंग एक्सप्लोररमध्ये मास्टर्सऐवजी लीचेसचा संग्रह निवडा आणि आपल्या रेटिंगची चाळणी लावा. तुमच्या पातळीवर लोक चौथ्या चालीलाच पुस्तकातल्या ठरलेल्या चाली सोडतात. ते काय खेळतात हे पाहून त्याची उत्तरं तयार करा.

आणि पालकांनो, चालू डावात इंजिन लावायचं नाही, 'फक्त बघायला' म्हणूनही नाही. दुसऱ्या फोनवर लावलं तरी ती फसवणूकच असते आणि खातं बंद होऊ शकतं. मुलाचा ऑनलाइन डाव सुरू असताना घरातला दुसरा फोन त्या खोलीत नसेल एवढं बघा.